परदेशातलं लग्न आणि नाताळची सुट्टी
बरेच जण विचारतात, राहता म्युनिकला, मग लग्न डेन्मार्कमध्ये का? हौस म्हणून नाही हो. जर्मनीत आपल्याकडच्या जन्मदाखल्यांची पडताळणी व्हायला महिनोन्‌महिने जातात. डेन्मार्कला कागद कमी लागतात, म्हणून इथली बरीच परदेशी जोडपी तिकडेच जाऊन लग्न करतात. परवानगी मिळाली की ती ४ महिने चालते. आजीची अट एकच, पौष लागायच्या आत उरका.

तर एरो बेटावर आम्ही दोघं आणि २ साक्षीदार. त्यांनीच शेल्याचा अंतरपाट धरला. घरचे सगळे व्हिडिओ कॉलवर. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, त्यामुळे तिकडे संध्याकाळ. आजीने अक्षता थेट मोबाईलवर टाकल्या. बाबा मात्र गप्पच. एकुलत्या मुलाचं लग्न, त्यांनी हॉलसुद्धा बघून ठेवला होता.

मग नाताळ. २४ तारखेला दुपारनंतर म्युनिक बंद होतं, २५-२६ सुट्टी. आम्ही एकेका नातेवाईकाला फोन लावत बसलो. २६ला बाबांचाच फोन आला. म्हणाले, "मुंडावळ्या कुठून आणल्यास रे?"

म्हटलं, घरीच मोती ओवले. मग तासभर बोलत होते.