घरचे चित्रण आणि संगणकाची निवड

संगणक घ्यावयास निघालेल्या गृहस्थाला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो किती पैसे खर्चावयाचे आहेत, हा. संकलनासाठी, म्हणजे घरी टिपलेल्या चित्रणाची काटछाट करून ते नीट जुळविण्यासाठी, यंत्र हवे असेल तर खरा प्रश्न निराळाच असतो. घरात चित्रण कोणत्या स्वरूपात साठले आहे, हे कळल्यावाचून संगणक निवडणे म्हणजे अंगाचे माप न देता कोट शिवावयास टाकणे होय.

समजा, इंदूर किंवा बडोदे येथे एक मराठी कुटुंब आहे. वडिलांच्या कपाटात मिनीडीव्हीच्या चाळीस कॅसेटी आहेत. १९९९ पासून पुढील दहा वर्षांत घरात झालेल्या मुंजी, लग्ने, आणि आता हयात नसलेल्या आजीने ओसरीवर बसून सांगितलेल्या गोष्टी त्यांत आहेत. मुलीजवळ आहे तो आजचा फोन, आणि त्यात 'फोर-के' दर्जाचे चित्रण. दोघांनाही आपापले चित्रण एकाच संगणकावर जुळवावयाचे आहे. एकाच घरातील या दोन गरजा परस्परांपासून किती भिन्न आहेत, हे आकड्यांवरून ध्यानात येईल.

आपल्याकडील पद्धतीच्या मिनीडीव्ही चित्रणातील प्रत्येक चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात. फोर-के चित्रात ते ८२,९४,४०० भरतात, म्हणजे बरोबर वीस पट. साहजिकच फोनचे चित्रण वीस पट जागा व्यापील, असे कोणासही वाटेल. परंतु डीव्हीचे एका तासाचे चित्रण सुमारे १३ जीबी जागा घेते, आणि ॲपल कंपनीने आपल्या फोनसाठी दिलेल्या आकड्यानुसार सेकंदाला ३० चित्रे टिपणारे फोर-के चित्रण मिनिटास सुमारे १७० एमबी, अर्थात तासाला दहा जीबींच्या आसपास होते. चित्र वीस पट मोठे असूनही जागा कमी!

ही किमया संक्षेपाची. डीव्हीमध्ये प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण असते. २०१३ साली प्रमाणित झालेल्या एचईव्हीसी या पद्धतीत मात्र एक चित्र पूर्ण लिहून त्यानंतरच्या चित्रांत मुख्यत्वे जो फरक पडला तेवढाच नोंदविला जातो. रोजकीर्दीत आरंभीची शिल्लक एकदा मांडून पुढे केवळ जमाखर्च लिहावा, तसा हा प्रकार आहे. वही लहान राहते हे खरे. पण मधल्याच एखाद्या दिवसाची शिल्लक हवी असेल तर मागील शिलकेपासून बेरीज करीत यावे लागते. संकलन करणारा तर सारखाच मागेपुढे जात असतो. म्हणूनच कालपरवापर्यंत उत्तम चालणारा संगणक फोनच्या चित्रणापुढे अडखळू लागतो. दोष साठवणुकीचा नसतो, बेरजेचा असतो.

ही बेरीज करण्यासाठी आजच्या यंत्रांत खास विभाग असतो. इंटेल कंपनीने २०११ पासून आपल्या प्रक्रियकांच्या चित्रविभागात तो घालण्यास आरंभ केला. येथे एक बारीक गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही. मेजावरील संगणकासाठी असलेल्या ज्या इंटेल प्रक्रियकाच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असते, त्यात हा अंतर्गत चित्रविभागच नसतो. तो थोडा स्वस्त पडतो; मग ते काम स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावर सोपवावे लागते. खेळांसाठी विकली जाणारी महागडी कार्डे घरगुती संकलनाला बहुधा अनावश्यक असतात. त्यांचे पैसे स्मृती आणि साठवण यांवर खर्चिले तर अधिक उपयोगी पडतात. स्मृती १६ जीबीहून कमी नसावी, ३२ असल्यास उत्तम. अनेक सडपातळ लॅपटॉपांत, तसेच २०२० नंतरच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या संगणकांत, ती मागाहून वाढविता येत नाही. तेव्हा हा निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो.

नवे यंत्र घेण्याची ऐपत नसल्यास मुलीने हात आखडण्याचे कारण नाही. डाविंची रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह यांसारख्या प्रणाली मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती तयार करतात, काटछाट त्यांवर होते, आणि शेवटी मूळ चित्रण आपोआप त्यांच्या जागी येते. पहिलीची मोफत आवृत्ती मिळते, दुसरी पूर्णतः मोफत आहे. पहिली ग्राफिक्सच्या बळावर अधिक विसंबते, म्हणून प्रणाली आधी निवडावी आणि यंत्र मागाहून.

वडिलांची अडचण मात्र अगदी वेगळी. त्यांच्या चित्रणाची बेरीज कोणताही साधा संगणक करू शकेल; पण चित्रण संगणकात यावयाचे कसे? कॅमेऱ्यातून ते फायरवायर नावाच्या तारेने येत असे, आणि त्या तारेची खाच नव्या संगणकांवर आढळत नाही. मेजावरील संगणक असेल तर तसे कार्ड आत बसविता येते. आपली कार्यप्रणाली ते ओळखते ना, एवढे आधी पाहिले पाहिजे. लॅपटॉपात ही सोय करणे फार कठीण. फायरवायरला यूएसबीचे टोक जोडणारी जी स्वस्त जोडणी विकली जाते ती या कामी निरुपयोगी असते. पिवळ्या, पांढऱ्या व तांबड्या तारांनी चित्रण उतरविता येते खरे, पण त्यात चित्राचे दोनदा रूपांतर होऊन त्याचा कस उतरतो. जुना, फायरवायरची खाच असलेला संगणक कोणाकडे चालू स्थितीत पडून असेल तर केवळ उतरविण्यापुरता तो मागून आणणे शहाणपणाचे.

याहून निकडीची बाब कॅमेऱ्याची. कॅसेट वाचणारा कॅमेरा बिघडला तर त्याचे सुटे भाग मिळणे दुरापास्त आहे, आणि फितीवरील चुंबकीय लेपही वर्षांगणिक जुना होत जातो. चाळीस तासांच्या कॅसेटी उतरविण्यास चाळीस तासच लागतात, घाई करता येत नाही. त्यासाठी सुमारे ५२० जीबी जागा हवी. अशा कुटुंबाजवळ मर्यादित रक्कम असेल तर तिचा पहिला वाटा कॅमेऱ्याच्या दुरुस्तीला आणि फायरवायरच्या सोयीला, दुसरा एकेक टीबीच्या दोन बाह्य तबकड्यांना द्यावा. प्रक्रियकाचा थाट उरलेल्या पैशांत बसवावा. वेगवान संगणक पुढील वर्षी अधिक स्वस्तात मिळू शकेल. आजीचा आवाज तसा मिळावयाचा नाही.

राहता राहिला विजेचा आणि उन्हाळ्याचा प्रश्न. मे महिन्यात लॅपटॉप तापला की आपला वेग आपणच कमी करतो. मेजावरील संगणक तुलनेने थंड राहतो, परंतु त्याला यूपीएसची जोड हवी, नाहीतर वीज जाताच तासाभराचे काम बुडते. दोन तबकड्यांपैकी एक संगणकाजवळ असावी. दुसरी, चित्रण उतरवून तपासून झाल्यावर, दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे किंवा लेकीकडे पाठवावी, आणि वर्षातून एकदा ती जोडून सर्व चित्रण उघडते की नाही ते पहावे.