भरलेली ट्रॉली आणि टायरमधली हवा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव, कर्ज, वीजबिल हे विषय आज आहेतच. त्याआधी दहा मिनिटे आम्ही टायरच्या हवेवर बोलणार आहोत. कुणाला हसू येईल. पण मागच्या हंगामात कापसाची ट्रॉली घेऊन आम्ही जिनिंगकडे निघालो असताना उतारावर मागचा टायर फुटला आणि ट्रॉली कलंडली. वर कापसावर कुणी बसलेले नव्हते, म्हणून आज हे सांगता येते. टायर जुना नव्हता. बाजूचे धागे आतून सुटले होते. उरलेल्या तीन चाकांची हवा मोजली, तर हवी त्याच्या निम्मीच निघाली. दोन महिने कुणी मोजलीच नव्हती. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेले, आम्हीही नाही.

मुद्दा असा की वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. साधा हिशोब करू. समजा ट्रॉली आणि कापूस मिळून 56 क्विंटल आणि चाके चार. एका चाकावर 1400 किलो आले. हवा 50 पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो असेल, तर टायर सुमारे 400 चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतो. हवा 25 पौंडांवर आली की तेच वजन पेलायला त्याला दुप्पट पसरावे लागते. मग प्रत्येक फेऱ्यात बाजू दुमडते, उलगडते, तापते. तापून धागे सुटतात आणि टायर फुटतो. शिवाय बसलेले चाक ओढायला डिझेल जास्त लागते. टायरची बैलगाडी असेल, तर तो भार बैलांच्या खांद्यावर पडतो.

म्हणून किती वजनाला किती हवा, हे टायरच्या बाजूवर आणि कंपनीच्या तक्त्यात लिहिलेले असते, ते पाहा. लाथ मारून किंवा हातोडी ठोकून हवा कळत नाही. काट्यानेच मोजा, तीही सकाळी, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना. उन्हाने आणि पळण्याने हवेचा दाब वाढतो. वाटेत तो जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका. टायर थंड झाल्यावर ती कमी पडेल. एका आसावरच्या दोन्ही चाकांत हवा सारखी ठेवा. आणि टायरवर लिहिलेल्या कमाल वजनापेक्षा माल जास्त असेल, तर हवा वाढवून काही साधत नाही. माल कमी करणे हाच उपाय.

आता शेतातली गोष्ट. तिथे नेमके उलटे आहे. टायरमध्ये जेवढा दाब, साधारण तेवढाच दाब चाकाखालच्या मातीवर येतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात 0.8 ते 1.5 किलो, म्हणजे सुमारे 12 ते 21 पौंड हवा असते. मशागतीला ती खालच्या अंगाला ठेवावी. भरल्या ट्रॉलीच्या चाकात याच्या कितीतरी पट दाब असतो. आपल्या काळ्या जमिनीत वाफसा नसताना ती ट्रॉली शिरली, की चाकोरीखाली माती दडपते. सगळ्यात जास्त दडपण पहिल्याच फेरीत होते. वरची माती वखराने मोकळी होते, खालचा घट्ट थर राहतो. कपाशीचे सोटमूळ तिथे अडते आणि आडवे वळते. पाणी मुरत नाही. रब्बी ज्वारी तर जमिनीतल्या ओलीवरच जगते. ओलच साठली नाही, तर कणसात काय भरणार?

तेव्हा ट्रॉली पांदणीवर किंवा धुऱ्यावर उभी करा. कापूस तिथपर्यंत डोक्यावर किंवा बैलगाडीने आणा. शेतात जावेच लागले, तर वाफसा पाहून, एकाच चाकोरीने जा-ये करा. ट्रॉलीची हवा शेतासाठी कमी करून तशीच रस्त्यावर नेऊ नका.

कुणी म्हणेल, पांदण आहे कुठे? पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल असतो. खरे आहे. भाडे परवडत नाही म्हणून दोन खेपांचा माल एका खेपेत भरावा लागतो, हेही खरे आहे. भावासाठी आणि रस्त्यासाठी आपण भांडतो आहोत, भांडत राहू. पण आपली अडचण टायरला कळत नाही. तो वजन आणि हवा एवढेच ओळखतो.

या बैठकीत तीन गोष्टी ठरवू. प्रत्येक गावशाखेने हवा मोजायचा एक काटा घ्यावा आणि वेचणीच्या हंगामात तो सर्वांना वापरायला द्यावा. भरलेल्या मालावर मजूर, बाया, पोरे बसवायची नाहीत. आणि पांदण रस्त्याचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडायचा.

पुढच्या मेळाव्याला आपल्याला मोठ्या संख्येने यायचे आहे. सगळ्यांनी यावे आणि सगळ्यांनी धडपणे घरी परतावे, एवढीच आमची विनंती.