जुन्या हातट्रॅक्टरचा जीर्णोद्धार

वसईच्या मोहिमेचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे त्यांना ठाणें जिल्ह्यांतील अंजूर या गांवाचें नांव अपरिचित नसावें. १७३७ ते १७३९ या काळांत चिमाजी अप्पांच्या त्या मोहिमेला ज्यांचें मोठें साहाय्य झालें ते गंगाजी नाईक अंजूरकर याच गांवचे. आज हें गांव भिवंडी तालुक्यांत मोडतें, आणि या बाजूला येणाऱ्याच्या नजरेला भातखाचरांच्या आधीं मालाचीं गुदामें पडतात. तथापि भिवंडी तालुक्यांतील भातशेती अद्याप संपलेली नाहीं. पावसाळा सुरू झाला कीं बांधाबांधांनीं तुकडे पडलेल्या जमिनींत अजून चिखल होतो आणि रोप लागतें.

अशा जमिनीचें दुखणें तिच्या आकारांतच असतें. खाचरें लहान, बांध अरुंद आणि जाण्याची वाट बहुधा दुसऱ्याच्या शेतांतून. मोठा ट्रॅक्टर आंत शिरला तर वळण्यापुरती जागा उरत नाहीं. बांध फोडून न्यावा तर शेजाऱ्याशीं कलह ठरलेला. कांहीं आठवड्यांच्या कामासाठीं बैलजोडी वर्षभर पोसणें फार थोड्यांना परवडतें, आणि गांवांतील तरुण हात गुदामांत नाहीं तर यंत्रमागांवर गुंतलेले असतात. इकडे राबांतलें रोप वयांत आलें म्हणजे तें कोणाची वाट पहात नाहीं. चिखलणी व आवणी त्याच दिवसांत उरकावी लागते. येथें जें यंत्र खरोखर शोभतें तें म्हणजे दोन चाकांचा, मागून चालत हांकावयाचा, बारा-तेरा अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर. शेतकरी त्याला पॉवर टिलर म्हणतात.

या यंत्राचा जन्म मात्र चिखलांत झाला नाहीं. अमेरिकेंत बेंजामिन ग्रेव्हली या व्यवसायानें छायाचित्रकार असलेल्या गृहस्थानें १९१६ सालीं आपल्या मोटार-नांगराचें पेटंट घेतलें, तें परसांतल्या बागेच्या मशागतीसाठीं. त्या कुळीला पुढें बागट्रॅक्टर हें नांव पडलें. ऑस्ट्रेलियांत आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यानें १९१२ मध्यें वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांचे प्रयोग आरंभिले. त्याच्या पहिल्या पात्यांनीं माती बाजूला उडत असे. पात्याचें टोंक काटकोनांत वळविल्यावर ती जागच्या जागीं भुसभुशीत होऊं लागली. या कल्पनेचें पेटंट त्यानें १९२० सालीं घेतलें. आजच्या पॉवर टिलरच्या मागें जीं वांकडीं पातीं फिरतात त्यांचें मूळ तेथें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी शेतकऱ्यांनीं, ज्यांचीं खाचरें कोंकणांतल्या खाचरांसारखींच लहान, हें यंत्र भातशेतींत सर्रास उतरविलें, आणि भारतांत तें जपानकडूनच आलें. बेंगळूरची व्ही. एस. टी. कंपनी १९६७ सालीं निघाली, ती मित्सुबिशीच्या सहकार्यानें. केरळ सरकारची कॅम्को १९७३ सालीं निघाली, ती कुबोटाच्या. या दोन्ही घराण्यांच्या यंत्रांचा मूळ आराखडा पुष्कळ वर्षें फारसा बदलला नाहीं. जुन्या यंत्राच्या मालकाला ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण ज्याचे सुटे भाग मिळतात तेंच यंत्र दुरुस्त होऊं शकतें. बाकीचीं केवळ रंगवितां येतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर प्रथम बाजारांत आला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल अशी भीति शेतकऱ्यांना वाटत होती. आतां भीतीनें दिशा बदलली आहे. नव्याला कोणी भीत नाहीं, जुन्याला भितात. श्रोत्यांपैकीं ज्यांचें मूळ घर अशा एखाद्या गांवीं आहे आणि स्वतः जे ठाण्याला किंवा मुंबईला राहतात, त्यांच्या गांवच्या पडवींत असा एखादा टिलर कोंबड्यांचें बसण्याचें ठिकाण होऊन उभा असेल. भंगारवाला येतो, वजनावर भाव सांगतो, आणि घरांतली अडगळ गेली म्हणून सर्वांना बरें वाटतें. पुढल्या आषाढांत तेंच काम भाड्याच्या यंत्राकडून करून घेण्यासाठीं रांगेंत उभें रहावें लागतें, आणि रोप राबांत म्हातारें होतें.

सगळींच जुनीं यंत्रें वांचविण्याजोगीं असतात असें मुळींच नाहीं. पहावयाच्या गोष्टी तीन: इंजिनाची मुख्य पेटी फुटली आहे काय, गियरपेटीला तडा गेला आहे काय, आणि भुजादंड, म्हणजे कारागीर ज्याला क्रँक म्हणतात तो, शाबूत आहे काय. हे तीन अवयव निर्दोष असतील तर पट्टे, पातीं, टायर, कड्या, झडपा हें सारें बदलतां येतें. तिन्हींपैकीं दोन गेलेले असतील तर भंगारवाल्याचा भाव रास्त समजावा.

निकाल यंत्राच्या बाजूनें लागला म्हणजे पहिला नियम असा कीं, तें सुरू करून पाहूं नये. बहुतेकांची पहिली ऊर्मि हीच असते आणि बहुतेक नुकसान त्या पहिल्या पांच मिनिटांत होतें. सिलिंडरला चिकटलेला पिस्टन जोरानें फिरविला तर गंजलेली कडी तुटून तिचा तुकडा लायनर खरवडून काढतो. गियरपेटींत पाणी असेल तर तेलाविना फिरलेलीं बेअरिंगें तेथेंच संपतात. म्हणून आधीं तळाचें बूच सैल करून पेटींतून काय बाहेर येतें तें पहावें. पाणी तेलाहून जड असल्यामुळें तळाशीं बसतें व प्रथम तेंच येतें. तेल दुधासारखें पांढरट असेल तर पाणी आंत असतांनाच यंत्र पुष्कळ चाललें असें समजावें.

हें पाणी येतें कोठून? चिखलांत फिरणाऱ्या दांड्यावर पेंढा, गवत, जुन्या जाळ्याची दोरी असें कांहींना कांहीं गुंडाळलें जातें. तें घट्ट होत होत ऑइल सीलच्या रबरी ओठाखालीं शिरतें आणि ओठ फाडतें. मग तेल बाहेर व गाळ आंत अशी देवघेव सुरू होते. कारागीर नवें सील बसवितो, आठ दिवसांत तें पुन्हां गळतें, आणि दोष नव्या मालावर ढकलला जातो. वस्तुतः जुन्या सीलनें वर्षानुवर्षें घासून दांड्यावरच बारीक खांच पाडलेली असते. नख फिरविलें तरी ती कळते. नवें सील त्या खांचेच्या किंचित् आंत किंवा बाहेर बसवावें, नाहीं तर दांड्यावर पातळ बाही चढवून घ्यावी. दुरुस्तीच्या धंद्यांतील निम्मी कीर्ति अशा नख फिरवून पाहण्यावर उभी असते.

चिकटलेल्या पिस्टनची कथा थोडी निराळी आहे. उभ्या सिलिंडरांत डिझेल व इंजिनाचें तेल मिसळून ओतलें तर तें सर्व बाजूंनीं कड्यांपर्यंत झिरपतें. या टिलरांचें सिलिंडर आडवें असतें. ओतलेलें तेल खालच्या बाजूला सांचून रहातें आणि वरची बाजू कोरडीच. तेव्हां डोकें, म्हणजे हेड, उतरवून यंत्र असें कलतें करावें कीं सिलिंडरचें तोंड वर येईल; मग तें भरून चार-सहा दिवस स्वस्थ बसावें. त्यानंतर लांकडाचा ठोकळा पिस्टनवर टेकवून हलक्या ठोक्यांनीं तो सोडवावा. घण वापरणाऱ्या माणसाला या वेळीं दुसऱ्या कामावर धाडणें उत्तम.

पिस्टन सुटल्यावर झीज मोजावी लागते, आणि त्यासाठीं महागडीं मापकें पाहिजेत असें नाहीं. एक नवी कडी लायनरच्या तळाशीं, जेथें झीज जवळजवळ नसते, पिस्टननें ढकलून सरळ बसवावी व तिच्या तोंडाची फट फीलर गेजनें मोजावी. मग तीच कडी वरच्या भागांत, जेथें कड्यांचा प्रवास संपतो त्याच्या किंचित् खालीं, बसवून पुन्हां मोजावें. दोन फटींतील फरकाला तीननें भागिलें म्हणजे व्यासांतील झीज अदमासानें कळते. हा हिशेब शाळेंतल्या परिघ व व्यास यांच्या प्रमाणाचाच आहे. झीज पुस्तकांतील मर्यादेपलीकडे असेल तर लायनर बदलावा; आंत असेल तर नुसत्या कड्या पुरतात. न मोजतांच सर्व संच बदला म्हणून सांगणारा कारागीर मालकाचे पैसे खर्चून स्वतःचा वेळ वांचवितो.

इंधनाच्या पंपाला मात्र होतकरू माणसानें हात लावूं नये. त्यांतील दट्ट्या आणि त्याचें नळकांडें एकमेकांसाठींच घासून जुळविलेलीं असतात. एका पंपाचा दट्ट्या दुसऱ्यांत घातला तर दोन्ही पंप वायां. नोजलचा फवारा तपासून घ्यावा, आणि तो तपासला जात असतां त्यासमोर हात धरूं नये. तो फवारा इतक्या दाबानें येतो कीं डिझेल कातडीच्या आंत शिरतें, आणि वरून टोंचल्याएवढी दिसणारी ती जखम हात गमावण्यापर्यंत जाऊं शकते.

अंजूरच्या माणसाला या बाबतींत एक लाभ घरबसल्या मिळाला आहे. भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. माग रात्रंदिवस चालतो, त्याचे बिडाचे भाग झिजतात, तुटतात, आणि ते नीट करून देणाऱ्या कारखान्यांची अशा शहराला नेहमींच गरज असते. ज्या हातांना मागाचा मोडलेला बिडाचा दांता भरून काढतां येतो त्यांना टिलरच्या पेटीचा तडा परका नाहीं. बीड थंडच सांधलें तर सांध्याच्या शेजारीं दुसरा तडा जातो. म्हणून तें आधीं सावकाश तापवावें, निकेलच्या कांडीनें थोडें थोडें सांधावें आणि मग राखेंत किंवा चुन्याच्या भुकटींत पुरून रात्रभर निवूं द्यावें. लवकर थंड व्हावें म्हणून पाणी शिंपडणारा शहाणा प्रत्येक कारखान्यांत एक असतोच.

रंगाविषयीं एक शब्द. जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळांना लावतात, आणि देवळांच्या जीर्णोद्धारांत पुष्कळदां जुनें दगडी काम तैलरंगाखालीं गाडलें जातें हें सर्वांना ठाऊक आहे. यंत्राचेंहि तेंच होतें. कारखान्याची अंकपट्टी रंगांत बुडवितात, तेलाच्या छिद्रांत रंग जातो, तडे झांकले जातात. परदेशांत जुने बागट्रॅक्टर जमवून प्रदर्शनांत मांडणारे हौशी लोक मूळ रंगाची छटा शोधण्यांत महिने घालवितात. त्यांची हौस त्यांना लखलाभ असो. खाडीच्या खाऱ्या हवेंत रहाणाऱ्या यंत्राला गंज खरवडून लावलेला अस्तराचा एक चांगला हात व त्यावर साधा रंग एवढें पुरे आहे.

दुरुस्त यंत्र हातीं घेणाऱ्याला दोन गोष्टी आधीं सांगितल्याच पाहिजेत, कारण त्या सांगावयाच्या राहिल्यानें हात मोडतात. पहिली, हँडल फिरवितांना आंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, विळखा घालूं नये. इंजिन उलट फिरून झटका देतें तेव्हां हँडल हातांतून निसटून गेलें पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. सपाटीवर डाव्या हाताची वळणाची कळ दाबली कीं टिलर डावीकडे वळतो. तीव्र उतारावर तीच कळ त्याला उजवीकडे नेते, कारण इंजिनाच्या आवरण्यांतून सुटलेलें चाक उतारानें अधिक वेगानें धांवतें. म्हणून उतारावर कळेला हात न लावतां दांडे धरूनच तोंड फिरवावें.

हें सारें करण्याचा हंगाम भात झोडून झाल्यावरचा, दिवाळीनंतरचा. मृग लागल्यावर कारागिराच्या दारांत रांग असते आणि घाईची दुरुस्ती चिखलांतच उघडी पडते. सांधलेलें इंजिन प्रथम कांहीं तास ओझ्याविना चालवावें व तेल लगेच बदलावें. काढलेलें तेल पांढऱ्या फडक्यावर पसरून उन्हांत धरलें असतां त्यांत धातूची चकाकी दिसली तर इंजिन पुन्हां उघडणें आलें. ती नसेल तर आधीं कोरड्या शेतांत, नंतर पाण्यांत उतरावें, आणि पहिल्या दिवशीं दर तासाला थांबून दांड्यावर गुंडाळलेला पेंढा कापून काढावा. आवणी संपली कीं यंत्र धुवून, पाण्याची टाकी रिकामी व डिझेलची भरलेली अशी ठेवून, इंजिन हातानें फिरवीत जेथें दाब जड लागतो तेथें सोडावें. त्या ठिकाणीं दोन्ही झडपा बंद असतात, आणि श्रावणाची ओली हवा सिलिंडरांत शिरत नाहीं.