कष्टकऱ्याच्या मनाचा आधार



गरिबाचें दुःख म्हणजे केवळ पैशांचें दुःख, त्याच्या मनाचा विचार मागाहून करूं, अशी आपणां सुशिक्षितांची एक सोईस्कर समजूत आहे. वस्तुतः कर्ज, आजार व थकलेलें भाडें यांचा भार मनावरहि पडतो. आणि मन खचलें कीं कामावर जाणें सुटतें व कर्ज आणखी वाढतें.

नागपुरास मनोरुग्णालय आहे तें १८६४ सालापासून. परंतु कळमना बाजारांतील हमालाला तेथें जाऊन रांगेंत बसावयाचें, तर दिवसाची मजुरी सोडावी लागते. त्याच्या दृष्टीनें खरी फी तीच. शिवाय लोकांच्या तोंडीं त्या जागेचें नांव अद्याप ‘पागलखाना’ असेंच आहे. शेजाऱ्यांना कळेल, हें भय निराळेंच.

ही अडचण कांहीं अंशीं ओलांडतां येते, हें आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत दिसून आलें. तेथील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नांवाचा प्रकल्प १८ महिने चालला. त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. डॉक्टरांची वाट न पाहतां साध्या कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलें. ते लोकांत मिसळत, ऐकून घेत. ज्यास अधिक त्रास असे त्यास समुपदेशकाकडे आणि प्रकृति गंभीर असल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पोंचवीत. खिन्नतेनें ग्रासलेल्या शंभरांपैकीं आरंभीं सुमारें ४ जणच मदत घेत होते. शेवटीं तो आंकडा २७ वर गेला. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ५.२ वरून २.५ वर उतरलें. उरलेले ७३ मात्र मदतीवांचूनच राहिले, हेंहि सांगितलें पाहिजे.

आपणांस खिन्नता आली आहे, असें कोणी मजूर म्हणत नाहीं. तो म्हणतो, “टेन्शन आहे, झोंप लागत नाहीं.” सल्लागाराला ही भाषा कळली पाहिजे. नुसतें ‘आनंदी राहा’ म्हणणें पोकळ आहे. सावकाराचा हप्ता, रेशनकार्ड, मुलीची फी, यांपैकीं आज कोणतें काम हातीं घेतां येईल, हें त्याच्याजवळ बसून ठरविणें, हा खरा सल्ला.

२०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें विनामूल्य सल्ला मिळतो, मराठींतहि. पण एका खोलींत सहा माणसें राहत असतां मनांतलें बोलावयाचें कोठें? आपल्या घरीं धुणें-भांडीं करणाऱ्या बाईंना पगार न कापतां अर्ध्या दिवसाची सुटी, आणि दार लावून बोलावयास घरांतील एखादी खोली आपण सहज देऊं शकतो. मात्र आंत काय बोलणें झालें, याची चौकशी करूं नये.