आपल्या मापाची सायकल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझ्या घरी जिन्याखाली दोन सायकली आहेत. एकीवर धूळ बसलेली आहे, दुसरीची घंटी कॉलनीतली मुलं लांबून ओळखतात. धूळ खाणारी सायकल दुप्पट किमतीची आहे.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा गुडघा कुरकुरायला लागला होता. फार चालवेना. तेव्हा सायकल आठवली. लहानपणी भावाच्या काळ्या सायकलीवर मी शिकले, दांड्याखालून पाय घालून, हाफ पायडल. पुढे वडिलांनी लेडीज सायकल घेऊन दिली. पैठण गेटपासून नागसेनवनातल्या कॉलेजात मी तिच्यावरून जात असे.

दुकानात गेले तर विक्रेता म्हणाला, ''मॅडम, एकवीस गिअर, डिस्क ब्रेक, पुढे-मागे शॉकअप.'' मुलानं फोनवर सांगितलं, ''घेतेसच तर चांगली घे.'' घेतली. पंधरा मिनिटांत हाताला मुंग्या येत, मान अवघडे. थांबताना दांडा आडवा येई. दोन महिने रेटून पाहिलं, मग मनाशी म्हटलं, आपलं वय झालं. वर्षभर सायकल जिन्याखाली पडून राहिली. एकदा पंक्चर काढायला नेली, तर पंक्चरवाले चाचा मला आणि सायकलला आळीपाळीनं पाहून म्हणाले, ''बाई, ही तुमच्या मापाचीच नाही.''

श्रोतेहो, चप्पल चावली तर आपण पायाला दोष देत नाही. सायकलच्या बाबतीत मात्र मी तेच केलं होतं.

सायकलचा इतिहासच मुळी आरामाचा आहे. एक चाक अवाढव्य आणि दुसरं इवलंसं अशा उंच सायकलवरून पडून माणसं जखमी होत. १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळजवळ सारख्या चाकांची, चेनवर चालणारी सायकल आणली. तिचा सांगाडा आजही फारसा बदललेला नाही. १८८७ मध्ये बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर डनलॉप यांनी हवेचा टायर बनवला, तो मुलाच्या तीनचाकीला बसणारे दचके कमी करायला.

आता खरेदीकडे येऊ. पहिलं माप सीटच्या उंचीचं. सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. चालवताना चवडा पायडलवर येतो, मग गुडघ्यात थोडासाच बाक उरतो. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, म्हणून आपण सीट खाली करून घेतो. तिथेच गुडघे दुखायला सुरुवात होते. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, एवढी सवय लावून घ्या.

दुसरं माप हँडलपर्यंतच्या अंतराचं. कोपर किंचित वाकलेलं राहावं आणि अंगाचा भार तळहातांवर येऊ नये. माझ्या महागड्या सायकलीचं दुखणं हेच होतं. हँडल खाली आणि लांब. चाचांनी ते उचलून पाहिलं, पण सांगाडाच मोठा. त्याला काय करणार?

सीटबद्दल एक गंमत सांगते. बोटानं दाबून मऊ लागते ती सीट चांगली, असं मलाही वाटायचं. पण फार मऊ सीटमध्ये आपण रुततो आणि नको तिथे दाब येतो. भार बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवा. खोक्याच्या जाड पुठ्ठ्यावर मिनिटभर बसा, दोन खळगे उमटतील. सीट त्यांच्यापेक्षा थोडी रुंद घ्या. बायकांना बहुधा जास्त रुंद सीट लागते. दुकानदार हे सांगत नाहीत, आपणही संकोचानं विचारत नाही.

बाकी गोष्टी आपल्या गावाप्रमाणे. खड्ड्यांच्या रस्त्यांवर पावणेदोन-दोन इंची टायर बरा, त्यात हवा दगडासारखी भरू नका. गावाबाहेर बाभळीचे काटे आहेतच. शहरातल्या चढांना सहा-सात गिअर पुरतात. दौलताबादहून खुलताबादचा घाट चढायचा असेल तर गोष्ट वेगळी. साडी किंवा ओढणी असेल तर चेनकव्हर हवंच, आणि दांडा खाली वाकवलेला हवा.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. फार मोलाची योजना. पण आठवीतली चिमुरडी आणि बारावीतली उंच मुलगी यांना एकाच मापाची सायकल कशी चालेल? सायकल घेताना पालकांनी मुलीला सोबत न्यावं, तिला बसवून पाहावं. अंगाला न बसणारी सायकल दोन महिन्यांत घरी उभी राहते आणि मग पोरगी पुन्हा पायी निघते किंवा शाळाच सुटते.

माझी दुसरी सायकल साधी आहे. सहा गिअर, उंच हँडल, पुढे टोपली. घेण्याआधी रोजच्याच कपड्यांत दुकानाभोवती पंधरा मिनिटं फिरले. दुकानदार कंटाळला, पण मी उतरले नाही. आता सकाळी हिमायत बागेपर्यंत जाते, येताना भाजी आणते.

आणि ती धुळीची सायकल? सहा फुटी भाचा पुढच्या रविवारी न्यायला येतोय. सीट वर करायला पान्हा काढून ठेवला आहे.