जॅकी स्टुअर्ट : वेगातील विवेक
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवात गुणवत्ता यादीत झळकलेल्यांची नावे आदराने घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. आजच्या भाषणाचा नायक मात्र अशा कोणत्याही यादीत नव्हता. स्कॉटलंडमधील डम्बार्टनच्या शाळेत त्याला वाचनासाठी उभे केले की पानावरची अक्षरे एकमेकांत मिसळून जात. शिक्षक त्याला मठ्ठ म्हणत आणि वर्ग हसे. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि वडिलांच्या गॅरेजमध्ये पेट्रोल भरण्याचे व गाड्यांना वंगण देण्याचे काम पत्करले. १९३९ साली जन्मलेला हा मुलगा म्हणजे जॅकी स्टुअर्ट, फॉर्म्युला वन शर्यतींचा तीन वेळचा जगज्जेता.

मोटारीपूर्वी त्याच्या हाती आली ती बंदूक. उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरण्याच्या खेळात तो ब्रिटनच्या अग्रगण्य नेमबाजांत गणला जाऊ लागला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकसाठी निवड अगदी थोडक्यात हुकली. एक तबकडी सुटली की ती सुटलीच, तिची भरपाई नसते. चित्त स्थिर ठेवण्याची ही तालीम पुढे फार उपयोगी पडली.

उघड्या चाकांच्या, एकट्या चालकाच्या त्या शर्यतीच्या गाडीत स्टुअर्ट बसले आणि १९६५ मध्ये, फॉर्म्युला वनच्या पहिल्याच वर्षी, इटलीतील मोंझा येथे जिंकले. त्यांची चालवण्याची पद्धत इतकी हळुवार होती की पाहणाऱ्याला ते संथ जात आहेत असे वाटे, घड्याळ मात्र वेगळेच सांगे.

१९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे जे घडले, त्याने या कारकिर्दीला वेगळे वळण दिले. स्पाची शर्यत तेव्हा सुमारे १४ किलोमीटरच्या साध्या सार्वजनिक रस्त्यांवरून धावे. पहिल्याच फेरीत पावसाची सर आली आणि स्टुअर्ट यांची गाडी रस्ता सोडून आदळत, वेडीवाकडी होऊन थांबली. पाय अडकलेले, अंगावर पेट्रोल सांडलेले. एक ठिणगी पुरेशी होती. मदतीला ना पथक, ना अवजार. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट या सहस्पर्धकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला, स्टिअरिंगचे चाक काढले आणि त्यांना बाहेर ओढले. सुमारे पंचवीस मिनिटे गेली होती. त्यानंतर रुग्णवाहिका इस्पितळाकडे जाताना वाट चुकली! त्या दिवसापासून स्टुअर्ट शर्यतीच्या गाडीत स्वतःचा पाना बांधून ठेवू लागले.

पण एका पान्याने भागणार नव्हते. पाच वर्षे शर्यतीत टिकणाऱ्या चालकाचा मृत्यू होण्याचा संभव तीनात दोन असे, असा हिशेब ते मांडीत. १९६८ मध्ये हॉकेनहाइमला जिम क्लार्क गेले; १९७० मध्ये झान्डव्होर्टला पिअर्स करेज आणि मोंझाला योखेन रिंट. स्टुअर्ट यांनी मागण्या लावून धरल्या. आसनपट्टे हवेत, पूर्ण चेहरा झाकणारी शिरस्त्राणे हवीत, रस्त्याच्या कडेला कठडे हवेत, प्रशिक्षित डॉक्टर हवेत. चालकांच्या आग्रहामुळे १९६९ ची स्पाची शर्यत झालीच नाही, आणि १९७० ची जर्मनीची शर्यत न्युर्बुर्गरिंगवरून हलवावी लागली. आयोजक चिडले. काही पत्रकारांनी तर त्यांना भित्रा ठरवले.

भित्रा! ज्या न्युर्बुर्गरिंगवर ही टीका बेतली, तेथेच १९६८ मध्ये, धो धो पावसात, समोरचे काही दिसू न देणाऱ्या धुक्यात, दुखावलेले मनगट आधारात बांधून हा माणूस चौदा फेऱ्या धावला आणि चार मिनिटांहून अधिक अंतराने जिंकला होता. दीडशेहून अधिक वळणांचा तो रस्ता त्यांना तोंडपाठ होता. कोठे ब्रेक दाबायचा, कोठे गिअर बदलायचा, सारे मनात कोरलेले. शाळेतल्या पुस्तकाचे एक पान ज्याला धड वाचता येत नव्हते, त्याची ही स्मरणशक्ती!

१९६९, १९७१ आणि १९७३ ही तीन विश्वविजेतेपदे त्यांनी मिळवली. निवृत्तीचा निर्णय १९७३ च्या वसंतातच झाला होता, पण पत्नी हेलन यांना तो सांगितला नव्हता, कारण उरलेल्या शर्यती त्या बोटांवर मोजत बसल्या असत्या. शेवटची, शंभरावी शर्यत अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे होती. तेथे सरावात त्यांचा शिष्यवत् सहकारी, फ्रान्सचा फ्रान्स्वा सेव्हेर, ठार झाला. स्टुअर्ट शर्यतीत उतरलेच नाहीत. नव्व्याण्णव शर्यती आणि सत्तावीस विजय. हा विजयांचा विक्रम १९८७ पर्यंत अबाधित राहिला.

शाळेतला हिशेब मात्र १९८० मध्ये मिटला. मुलाला वाचनात अडचण येते म्हणून त्याची तपासणी झाली, आणि त्या निमित्ताने वडिलांचीही. दोघांनाही डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-अक्षमता, असल्याचे निष्पन्न झाले. तोवर चाळिशी उलटली होती. बुडणाऱ्याला कोणी तरी हात द्यावा तसे वाटले, असे त्यांनी पुढे सांगितले. २००१ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. डिस्लेक्सिया स्कॉटलंड या संस्थेचे अध्यक्ष म्हणून ते काम करू लागले. भावी शिक्षकांना अध्यापक महाविद्यालयातच ही अडचण ओळखायला शिकवावे, हा त्यांचा आग्रह राहिला. इंग्रजी मुळाक्षरे क्रमाने म्हणणे मात्र सर जॅकींना कधीच जमले नाही, आणि हे ते भर सभेत मोकळेपणाने सांगतात.