पाय गरम आहे, मग जखम का भरत नाही?

आजचा भाग थोडा घरचा आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, गाव नारायणगावजवळ. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण अप्पांच्या पायामुळे जे कळलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये अप्पा लेण्याद्रीला गेले. अनवाणी पायऱ्या चढायचा त्यांचा जुना नेम. भर दुपार, दगड तापलेला. बाकीचे लोक सावली शोधत चढत होते, अप्पा मात्र निवांत. घरी येऊन म्हणाले, "मला काही चटका लागला नाही बुवा." संध्याकाळी आईला चादरीवर ओला डाग दिसला. तळपायाला रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता.

चटका लागला होता. तो सांगणाऱ्या नसा बधिर झाल्या होत्या. अप्पांना बारा वर्षांपासून शुगर आहे.

तीन आठवडे हळद लावली, जखम भरेना. मी पायाला हात लावून पाहिला. पाय गरम, घोट्याजवळची नाडी लागतेय. म्हटलं, रक्त तर पोचतंय की! इथेच माझं चुकलं.

नंतर डॉक्टरांनी जे समजावलं, ते मी अप्पांना ठिबकच्या भाषेत सांगितलं. मोटर चालू आहे, मेन लाइनला प्रेशर आहे, पण ड्रिपर चोकअप. मग द्राक्षाच्या मुळाला पाणी मिळेल का? त्वचेतल्या केशवाहिन्या म्हणजे हे ड्रिपर. इतक्या बारीक, की तांबड्या पेशीला अंग चोरूनच जावं लागतं. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्यांच्या भिंती जाड होतात. शिवाय रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं. "रुंद हो, रक्त जाऊ दे," हा त्याचा निरोप. या शोधाला 1998 मध्ये नोबेल मिळालं. डायबेटिसमध्ये हा निरोपच कमी पडतो. त्वचा थोडी गरम करून लेझरनं रक्तप्रवाह मोजला, तर निरोगी माणसात तो कितीतरी पटींनी वाढतो. डायबेटिसमध्ये ही वाढ कमी दिसते.

मग पाय गरम का? तळपायाच्या त्वचेत बायपास असतात, धमनीतून थेट शिरेत जाणारे. त्यांचा व्हॉल्व्ह नसांच्या ताब्यात. नसा बिघडल्या की व्हॉल्व्ह उघडाच राहतो. रक्त येतं, पाय गरम लागतो, पण बरंचसं रक्त ड्रिपरपर्यंत न जाताच परत फिरतं. घामही कमी होतो, कातडी कोरडी पडते, भेगा पडतात.

"पण मी तर काटकुळा, मला कशी शुगर?" हा अप्पांचा कायमचा प्रश्न. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 2004 मध्ये त्यांनी स्वतःची तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी केली. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी सहकाऱ्याची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! बारीक दिसणं म्हणजे सुटका नव्हे.

आपल्या जुन्नर-आंबेगावात पाय सतत कामात असतात. भीमाशंकरकडे भातलावणीला चिखलात, इकडे रात्रीच्या लाइटीला पाणी भरताना वाफ्यात. म्हणून घरात शुगर असेल, तर एवढं कराच:

रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल, तर मोबाइलनं फोटो काढा.

गरम पाण्याचा शेक नको. आंघोळीचं पाणी कोपरानं तपासा.

चप्पल घालण्याआधी झटका. कुरूप ब्लेडनं कापू नका.

तंबाखू आणि मिश्री सोडा. त्यानं बारीक वाहिन्या आणखी आवळतात.

वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तळपायाची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा एक धागा टेकवून बघतात, दुखत नाही. आणि जखम झालीच, तर दुखण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

शुगर ताब्यात ठेवल्याचा फायदा खरंच होतो. 1998 च्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात, काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास सुमारे 25 टक्क्यांनी कमी दिसले.

अप्पांची जखम भरायला चार महिने लागले. पाय वाचला. यंदा ते लेण्याद्रीला सकाळी सहालाच चढले, बूट-मोजे घालून. नेम मोडला का, विचारलं तर म्हणाले, "गणपती वरच आहे. तिथपर्यंत जायला पाय लागतात."

आज घरी फोन कराल, तेव्हा "जेवलात का?" याच्यासोबत तळपायाचा फोटोही मागा. भेटू पुढच्या भागात!